लिहिणाऱ्याच्या पाठीशी कोण असावं?

मागच्यांना ऐकू येतंय ना? ठीक.

गेल्या वेळचा विषय स्मृतीचा होता, पण व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलाशी तिघाचौघांनी मला गाठलं आणि वेगळंच विचारलं. लिहायला कोणी शिकवू शकतं का? आणि शिकवत असेल, तर असा माणूस ओळखायचा कसा? त्यांच्यातल्या एका मुलीचा प्रश्न जरा टोकदार होता. ती म्हणाली, "सर, माझ्या कथेवर एका ज्येष्ठांनी इतकं काम केलं, की ती छापून आली तेव्हा मला वाचवेना." तेव्हा उभ्याउभ्या उत्तर देणं मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून आजचं व्याख्यान त्यावरच ठेवलंय.

आधी एक सांगून टाकतो. मी कथाकार नाही, कवी तर नाहीच. तत्त्वज्ञान शिकवून पोट भरलं. पण आमच्याकडे येणारी मुलं कांट वाचायला येत आणि जाताना हळूच पिशवीतून कवितांची वही काढत. तेव्हा अर्धीकच्ची हस्तलिखितं मी भरपूर वाचली आहेत, आणि ती वाचताना आपण नक्की काय करतो आहोत हा प्रश्न मला कांटपेक्षा कमी अवघड वाटलेला नाही.

शिकवता येतं का, हा प्रश्न आधी मिटवू. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट नावाचा पंडित होऊन गेला. त्याचा 'काव्यप्रकाश' संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी आडवा आलेला असतो. काव्य कशातून निर्माण होतं याचं उत्तर देताना तो तीन गोष्टी सांगतो. पहिली शक्ती, म्हणजे मुळातलं बीज. दुसरी निपुणता, म्हणजे जग, शास्त्रं आणि आधीची काव्यं पाहून-वाचून आलेली जाण. तिसरा अभ्यास. पण इथे तो नुसतं अभ्यास म्हणून थांबत नाही. काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणीखाली केलेला अभ्यास, असं म्हणतो. आणि पुढे स्वतःच खुलासा करतो की ही तीन वेगवेगळी कारणं नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण. परीक्षेत 'खालीलपैकी कोणतेही दोन सोडवा' असतं, तसली सवलत इथे नाही.

म्हणजे प्रतिभा उपजत असते की शिकवावी लागते, हा जो वाद आपण कट्ट्यावर घालतो, तो मम्मटाच्या लेखी वादच नाही. बीज लागतंच. आणि जाणकाराच्या हाताखालची मेहनतही लागतेच.

आता हा जाणकार कसा असतो? इथे मी आणखी मागे जातो, राजशेखराकडे. मम्मटाच्या दीडेकशे वर्षं आधीचा हा. कनौजच्या दरबारात होता, पण घराणं आपल्याकडचं. त्याच्या पणजोबांना तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. त्याची 'काव्यमीमांसा' हे मजेशीर पुस्तक आहे. कवीने दिवसाचे प्रहर कसे वाटून घ्यावेत इथपासून सगळं त्यात आहे. तो प्रतिभेचे दोन प्रकार करतो. कारयित्री, म्हणजे करणारी, ती कवीची. आणि भावयित्री, म्हणजे जाणणारी, ती भावकाची. भावक म्हणजे रसिक, समीक्षक, आणि आजच्या आपल्या विषयात ज्याला मार्गदर्शक म्हणतो तोही. गंमत बघा, जाणण्यालाही तो प्रतिभाच म्हणतो. दुसऱ्याचं अर्धवट लेखन वाचून त्यात काय होऊ पाहतंय हे दिसणं, ही कारकुनी नाही.

या भावकांचे राजशेखर चार प्रकार देतो. अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, म्हणजे जो गवतासकट सगळं खातो. मत्सरी, त्याचा अर्थ सांगायला नको. आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी, ज्याचं लक्ष गोष्टीच्या सत्त्वावर असतं; असा हजारात एखादा, असं राजशेखर म्हणतो.

हजार वर्षांपूर्वीची ही यादी घ्या आणि आपला मोबाइल उघडा. (हशा) तुमच्या कवितेखाली जे पन्नास 'वाऽ', 'अप्रतिम', 'निःशब्द' येतात, ते सतृणाभ्यवहारी. ती वाईट माणसं नाहीत हो. तुमच्यावर त्यांचा जीव असतो. पण गवत आणि धान्य यांत फरक न करणाऱ्याची दाद कितीही मिळाली तरी पुढची कविता कशी लिहायची हे तिच्यातून कळत नाही. अरोचकी भेटला तर नवीन लिहिणारा दबून जातो आणि कधीकधी त्यालाच मोठा जाणकार समजतो. का, तर नाक मुरडणं आणि चोखंदळपणा लांबून सारखेच दिसतात. मत्सरी सगळ्यांत फसवा, कारण तो मन लावून वाचतो, त्याला गुण दिसतातही, आणि तो गप्प बसतो.

आता 'आधार देणारा मार्गदर्शक' हा शब्द आपण वापरतो, तेव्हा आपल्या मनात बहुधा दुसरा प्रकार असतो, गवतासकट खाणारा. प्रेमळ, पाठीवर हात फिरवणारा. मला इथे सॉक्रेटिस आठवतो, आणि त्याला आणल्याशिवाय माझं व्याख्यान पुरं होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच.

प्लेटोच्या 'थीएटेटस' या संवादात सॉक्रेटिस एका तरुण गणितज्ञाशी बोलतोय. ज्ञान म्हणजे काय, असा प्रश्न आहे. पोरगा हुशार, पण उत्तर देताना अडखळतो, अस्वस्थ होतो. सॉक्रेटिस त्याला म्हणतो, अरे, या प्रसूतीच्या कळा आहेत. माझी आई सुईण होती, आणि मीही तेच काम करतो. फरक इतकाच की मी पुरुषांच्या मनांची बाळंतपणं करतो. इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फार कोणी सांगत नाही. सॉक्रेटिस म्हणतो, सुइणींना एक काम नसतं जे मला असतं. जन्मलेलं मूल खरं आहे की नुसता भास, हे मला तपासावं लागतं. आणि ते भास निघालं आणि मी बाजूला ठेवलं, तर पहिलटकरणीसारखा माझ्यावर धावून येऊ नकोस. काहीजण मला चावायला उठतात, आणि मी हे त्यांच्या भल्यासाठी करतो हे त्यांना पटतच नाही.

संवादाच्या शेवटी काय होतं माहीत आहे? थीएटेटसची तिन्ही उत्तरं पोकळ अंडी निघतात. एकही मूल जगत नाही. तरी सॉक्रेटिस त्याला सांगतो, यापुढे तू काही नवं निर्माण केलंस तर ते या तपासणीमुळे जास्त चांगलं असेल. आणि नाही केलंस तरी तू लोकांना कमी जड होशील, कारण जे माहीत नाही ते माहीत आहे असं तुला वाटणार नाही.

आधाराचा अर्थ मी इथून घेतो. कळा येत असताना सॉक्रेटिस निघून जात नाही. तो थांबतो, धीर देतो, आणि तपासतोही. या तिन्हींपैकी धीर तेवढा घेतला तर सतृणाभ्यवहारी होतो, तपासणी तेवढी घेतली तर अरोचकी. आणि एक बारीक गोष्ट. सॉक्रेटिस सांगतो की मी स्वतः वांझ आहे, माझं असं शहाणपण मला नाही. ग्रीक सुइणी बाळंतपणाचं वय उलटलेल्या बायकाच असत, असंही तो सांगतो. म्हणजे ज्याला अजून स्वतःचंच मूल तुमच्या पोटी जन्माला घालायचंय, तो सुईण व्हायला अपात्र. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्या मुलीच्या प्रश्नाशी तो जाऊन भिडणार आहे.

आता पुस्तकातून बाहेर येऊ आणि प्रत्यक्षात हे कसं चालतं ते बघू.

तुमच्यापैकी किती जणांनी 'पाडस' वाचलंय? बरेच हात आहेत, छान. राम पटवर्धनांचा तो अनुवाद, मूळ पुस्तक मार्जरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेचं, 'द इयरलिंग', 1938 सालचं. दुसऱ्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. ते पुस्तक कसं झालं याची हकीकत आपल्या कामाची आहे.

रॉलिंग्ज फ्लोरिडात क्रॉस क्रीक नावाच्या आडगावी संत्र्यांची बाग घेऊन राहत होती. न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्स या प्रकाशनसंस्थेत मॅक्सवेल पर्किन्स संपादक होता. फिट्झजेराल्ड, हेमिंग्वे यांना उभं करणारा तोच. 1933 मध्ये रॉलिंग्जची पहिली कादंबरी त्याने छापली. ती त्याला लांबलचक पत्रं लिहायची. कादंबरीविषयी लिहायचीच, पण शेजाऱ्यांविषयीही लिहायची. जंगलातली शिकार, अस्वलं, साप, तिथली गरीब, हट्टी माणसं. पर्किन्सने ती पत्रं नीट वाचली. आणि 1933 मध्येच तिला सुचवलं की त्या जंगलात वाढणाऱ्या एका मुलाविषयी पुस्तक लिहा. तिच्या डोक्यात तेव्हा दुसरी कादंबरी होती. तिने आधी तीच लिहिली, 1935 मध्ये ती आली. पर्किन्सने तीही छापली. मुलाचं पुस्तक मात्र त्याच्या मनातून गेलं नाही. पाच वर्षं तो अधूनमधून आठवण देत राहिला, घाई न करता. दोघांचा सगळा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला, सुमारे सातशे पत्रं आहेत.

याच्यात पर्किन्सने केलं काय? वाक्यं दुरुस्त केली असतील नसतील, ते गौण आहे. लेखिका कादंबरी लिहिताना जे लिहीत नव्हती पण पत्र लिहिताना सहज लिहीत होती, ते त्याच्या नजरेला पडलं. माणूस लेखक म्हणून बसला की कधीकधी आपलं सगळ्यात चांगलं धन घरी ठेवून येतो, पाहुण्यांसमोर जुनी भांडी नकोत म्हणून.

माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगतो. कथा घेऊन आली. मुंबईतला चकचकीत फ्लॅट, नवरा-बायको, घटस्फोट, बाल्कनीत सिगरेट. तिने मुंबईतला फ्लॅट आतून पाहिलेला नव्हता हे पहिल्या पानावर कळत होतं. कथेवर मी फार बोललो नाही. उशीर का झाला विचारलं, तर म्हणाली, वडिलांच्या गिरणीच्या दगडाला टाकी मारायची होती, तिथे थांबावं लागलं. मग दगडाला टाकी कशी मारतात, ज्वारी दळताना पट्ट्याचा आवाज वेगळा आणि हरभरा दळताना वेगळा, घरातल्या प्रत्येकाच्या पापण्यांवर पीठ कसं असतं, हे ती वीस मिनिटं बोलत होती. मी म्हटलं, अगं, हे लिही. ती म्हणाली, "यात काय लिहायचं सर? हे तर घरचंच आहे." दोन वर्षं लागली तिला ते लिहायला. तिने लिहिलं. मी त्यातलं एक वाक्यही सुचवलं नाही, सुचवूच शकलो नसतो. गिरणी तिची होती.

'पाडस'कडे परत येतो, कारण अनुवादक राम पटवर्धन हे स्वतः कोण होते? 'सत्यकथे'चे संपादक. श्री. पु. भागवत आणि पटवर्धन, गिरगावातली खटाववाडी. आज चाळिशीच्या आतल्या मंडळींना सांगावं लागतं की 1933 ला सुरू झालेलं आणि 1982 ला बंद पडलेलं हे मासिक मराठी लेखकासाठी काय होतं. तिथून कथा नुसती 'साभार परत' येत नसे. ती पत्रासकट येई. अमुक ठिकाणी पात्र तुमच्या सोयीने वागतंय, शेवट आधी ठरवून लिहिल्यासारखा वाटतो, पुन्हा बघा. लेखक पुन्हा लिही. पुन्हा पत्र येई. ज्याने पर्किन्सच्या चिकाटीतून जन्मलेलं पुस्तक मराठीत आणलं, तो इथे तेच काम करत होता, हा योगायोग मला फार आवडतो.

पण हीच जागा दुसऱ्या बाजूनेही बघायला हवी. 1969 साली लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी सत्यकथेच्या अंकाची होळी केली. तो निव्वळ तरुण रक्ताचा उद्दामपणा होता असं म्हणणारे आजही भेटतात, मला ते पटत नाही. जाणकाराची दृष्टी कितीही तीक्ष्ण असो, ती कुठेतरी उभी असते. जिथे उभी असते तिथून जे दिसत नाही, ते लिहिणाऱ्याने त्याच्याकडे मान्यतेसाठी नेलं तर त्याला 'पुन्हा बघा' एवढंच उत्तर मिळणार. त्या पिढीतल्या अनेकांना खटाववाडीच्या पत्रांपेक्षा एकमेकांनी काढलेली चक्रमुद्रित पानं जास्त उपयोगी पडली. मार्गदर्शक एकच असावा, वडीलधारा असावा, पुण्या-मुंबईचा असावा, असं कुठेही लिहून ठेवलेलं नाही. बरोबरीचे चार मित्रही भावक असू शकतात, एकमेकांना घाबरत नसतील तर.

आता अवघड भागाकडे. त्या मुलीचा प्रश्न. मदत कुठे थांबते आणि मालकी कुठे सुरू होते?

पर्किन्सचीच दुसरी गोष्ट. टॉमस वुल्फ नावाचा साडेसहा फुटी, अफाट लिहिणारा तरुण. त्याचं पहिलं हस्तलिखित सव्वातीन लाख शब्दांच्या पुढे होतं. पर्किन्सने त्याच्याबरोबर बसून साठेक हजार शब्द काढले आणि 1929 मध्ये कादंबरी आली. दुसरीला तर अंतच नव्हता. 1934 मध्ये दोघं रात्रीमागून रात्री बसत; पर्किन्स एक भाग कापायला सांगे, वुल्फ कापायच्या ऐवजी नवा लिहून आणे. शेवटी वुल्फ शिकागोला गेला असताना पर्किन्सने हस्तलिखित छापखान्यात पाठवून दिलं. 1935 मध्ये पुस्तक आलं. वुल्फने ते पर्किन्सला अर्पण केलं, आणि पुढच्या वर्षी एका छोट्या पुस्तकात या सगळ्या मदतीची मोकळ्या मनाने कबुली दिली.

त्या कबुलीवरच डिव्होटो नावाच्या समीक्षकाने बोट ठेवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याचं पुस्तक संपादकाच्या टेबलावर जुळवावं लागतं त्याला कलावंत म्हणायचं कसं? वुल्फला ते झोंबलं. 1937 मध्ये त्याने स्क्रिबनर्स सोडलं, मुख्यतः हे दाखवायला की मी एकटा उभा राहू शकतो. 1938 मध्ये तो प्रवासात आजारी पडला, सिअ‍ॅटलच्या रुग्णालयातून शेवटचं पत्र त्याने पर्किन्सला लिहिलं, आणि सप्टेंबरात गेला. अडतिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच्या साहित्याचा विश्वस्त म्हणून मृत्युपत्रात नाव होतं पर्किन्सचंच.

इथे दोषी कोण? मी पुष्कळ विचार केला, मला कोणी सापडत नाही. पर्किन्सने कापलं नसतं तर पुस्तकं झालीच नसती असं म्हणायला जागा आहे. आणि वुल्फने निघून जाणं, हेही मला मोडलेलं नातं वाटत नाही. सुइणीच्या घरी कोणी कायमचं राहत नाही. पर्किन्सने त्याचा राग धरला नाही, यावरून तो कसा मार्गदर्शक होता हे कळतं.

तिसरी गोष्ट मात्र वेगळी आहे. रेमंड कार्व्हर, अमेरिकन कथाकार. दारूने आयुष्य धुळीला मिळालं होतं, 1977 मध्ये त्याने ती सोडली. त्याचा संपादक गॉर्डन लिश. लिशने त्याला पडत्या काळात सांभाळलं होतं, मोठ्या मासिकात छापलं होतं, म्हणजे आधार देणाराच. 1980 मध्ये कार्व्हरने त्याच्याकडे कथासंग्रह दिला. लिशने निम्म्याच्या आसपास मजकूर कापला. काही कथांची नावं बदलली, शेवट बदलले. जुलैमध्ये कार्व्हरने त्याला एक कळवळून लिहिलेलं पत्र पाठवलं. पुस्तक थांबवा म्हणून. त्याला भीती होती की हे असं छापलं गेलं तर आपण पुन्हा लिहू शकणार नाही. सावरलेला माणूस पुन्हा ढासळेल. लिशने फारसं ऐकलं नाही. 1981 मध्ये पुस्तक आलं, आणि त्यानेच कार्व्हरला कीर्ती मिळवून दिली. मोजक्या शब्दांची, कोरडी, तुटक शैली म्हणून तिचं कौतुक झालं. लोक ज्याला कार्व्हरची शैली म्हणत होते तिच्यात बराच हात लिशचा होता.

एक कथा सांगतो, म्हणजे फरक कळेल. एका मुलाचा वाढदिवस, आईने बेकरीत केक सांगितलेला. त्याच दिवशी मुलाला मोटारीची धडक बसते. केक न्यायला कोणी येत नाही म्हणून बेकरीवाला रागाने रात्री-अपरात्री फोन करत राहतो. लिशने कापलेल्या रूपात कथा जवळपास तिथेच संपते. फोन वाजतो, आई उचलते, पुढे काही नाही. अंगावर काटा येतो. कार्व्हरने लिहिलेल्या रूपात मुलगा जातो, आईवडील संतापून मध्यरात्री बेकरीत पोचतात, बेकरीवाल्याला काय घडलंय ते कळतं, तो त्यांना बसवतो, गरम पाव खाऊ घालतो आणि पहाटेपर्यंत तिघं बोलत बसतात.

तुम्हाला कुठली आवडेल हा रुचीचा प्रश्न आहे. पण या दोन कथांत जगाकडे बघण्याच्या दोन दृष्टी आहेत. पहिलीत माणसाला माणूस भेटत नाही. दुसरीत भेटतो. दारूतून वर आलेल्या कार्व्हरला, माणूस भेटतो, हे सांगायचं होतं. तेच कापलं गेलं. शब्द कापणं आणि दृष्टी कापणं यात जो फरक आहे, तीच मला मदत आणि मालकी यांच्यातली सीमा वाटते. पर्किन्सने वुल्फचे साठ हजार शब्द कापले तरी वुल्फ उरला. सॉक्रेटिसच्या भाषेत, लिशला स्वतःचं मूल हवं होतं. पुढच्या संग्रहात, 1983 मध्ये, कार्व्हरने ती कथा बेकरीतल्या पहाटेसकट छापली आणि यावेळी हात लावू दिला नाही. मूळ संग्रह जसा दिला होता तसा बाहेर यायला 2009 साल उजाडलं. तोपर्यंत कार्व्हरला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

तेव्हा त्या मुलीला माझं सांगणं, ती आज आली असेल तर. 'वाचवेना' असं जे तुम्हाला झालं, ते कशामुळे ते नीट बघा. आवडती वाक्यं गेली म्हणून झालं असेल तर ते पहिलटकरणीचं दुःख आहे, सहा महिन्यांनी पुन्हा वाचा. पण कथा ज्या गोष्टीसाठी लिहिली तीच तिच्यात उरली नसेल, तर त्या ज्येष्ठांचा मान राखून तुमचा मूळ खर्डा जपून ठेवा. तो पुन्हा छापायचा हक्क तुमचा आहे.

व्यवहाराचं थोडं बोलतो, कारण नुसतं तत्त्वज्ञान सांगून घरी पाठवलं तर तुम्ही पुन्हा चहाला गाठणार. जाणकाराकडे जाताना कल्पना घेऊन जाऊ नका, लिहिलेलं न्या. 'मला असं असं लिहायचंय' यावर कोणीही काहीही बोलू शकतं आणि त्या बोलण्यातच लिहायची वाफ निघून जाते. देताना एक प्रश्न विचारा, नेमका. 'कशी वाटली?' याचं उत्तर 'छान' असंच येणार. 'सासू पहिल्यांदा चिडते तेव्हा तुम्हाला ते पटलं का?' असं विचारलं तर समोरच्यालाही वाचायला धरायला काही मिळतं. ऐकताना बाजू मांडू नका. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे वाक्य तोंडावर आलं की गिळा, कारण वाचकाच्या घरी तुम्ही ते सांगायला जाणार नाही आहात. लिहून घ्या, आणि चार दिवस वही उघडू नका. चार दिवसांनी निम्म्या सूचना आपोआप गळतात. ज्या उरतात, टोचत राहतात, त्यांच्यावर काम करायचं.

आणि सूचनेचे दोन भाग पाडायला शिका. 'इथे मला कंटाळा आला' हा एक भाग. 'म्हणून इथे नायकाचा अपघात दाखवा' हा दुसरा. पहिल्या भागाबद्दल वाचकाशी वाद घालता येत नाही. दुखतंय असं रोगी म्हणाला तर दुखतंय. दुसरा भाग मात्र उपाय आहे, आणि कथेच्या बाबतीत उपाय शोधणं बहुतेक वेळा लेखकालाच जमतं. चांगला मार्गदर्शक पहिल्या भागावर जास्त वेळ देतो. तुमचा दर वेळी दुसऱ्यावरच येत असेल, तर जरा सावध राहा.

आता प्रश्न घेऊ. एकच वेळ आहे. हो, मागे, तुम्ही.

प्रश्न असा आहे की, 'मी तालुक्याच्या गावी राहतो, नोकरी करतो, असा कोणी भेटलाच नाही तर काय?'

याला मी रिल्केची हकीकत सांगतो. 1902-03 च्या सुमारास काप्पुस नावाच्या एकोणीस वर्षांच्या लष्करी छात्राने त्याला कविता पाठवल्या, मत द्या म्हणून. रिल्के तेव्हा स्वतः सत्तावीसचा, पैशांची ओढाताण, कविता अडलेली. त्याने कवितांचं परीक्षण करायला जवळजवळ नकारच दिला, आणि तरी पुढची पाच-सहा वर्षं मिळून दहा पत्रं लिहिली. एकटेपणाविषयी, धीराविषयी, लिहिल्याशिवाय आपण राहू शकतो का हे स्वतःला विचारण्याविषयी. 1929 मध्ये काप्पुसने ती छापली, तेव्हा स्वतःची पत्रं त्यात घातली नाहीत. त्याची बाजू प्रसिद्ध व्हायला 2019 उजाडलं. म्हणजे नव्वद वर्षं जगभरच्या लिहिणाऱ्यांनी ती पत्रं आपल्यालाच आली आहेत असं समजून वाचली. तुम्हीही वाचा, मिळतात. पण त्याहून महत्त्वाचं सांगतो. काप्पुसने पत्र लिहिलं कसं? त्याच्या शाळेच्या आवारात तो रिल्केचं पुस्तक वाचत होता, तिथल्या एका धर्मगुरूने ते हातात घेऊन पाहिलं आणि सांगितलं, अरे, हा तर आमचा जुना विद्यार्थी. लष्करी शाळेतलं हे दुबळं पोर मला आठवतं. तेवढ्या धाग्यावर त्याने पत्र टाकलं.

तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल असतील. कोणता माणूस कोणतं पुस्तक पुन्हा पुन्हा नेतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारा. लिहिणारा माणूस शोधू नका, वाचणारा शोधा.

चला, दिवे घालवायची वेळ झाली म्हणतायत. उरलेलं चहाला.